बावखल आणि दादांची भिंत

आमच्या आळीतले दादा परदेशातली नोकरी संपवून वटार गावी कायमचे राहायला आले, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही. त्यांनी माझं काही वाकडं केलं होतं असं नव्हे. पहिल्याच आठवड्यात ते घरोघर जाऊन आले, प्रत्येकाच्या ओट्यावर बसले, सासऱ्यांना त्यांच्या जुन्या बैलाचं नाव आठवून सांगितलं, मला माझ्या नोकरीबद्दल विचारलं आणि मी काय सांगते ते नीट ऐकलं. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "माणूस म्हणजे असा असावा." मी कप उचलत होते. मनात आलं, याला काय हवं असेल?

ही सवय मला माहेरून लागली. माझं माहेर मनवेलपाड्याला, चाळीत. वडील मुंबईतल्या एका कारखान्यात होते आणि तिथला एक पुढारी कधीमधी आमच्याकडे जेवायला यायचा. आईला ताई म्हणायचा, वडिलांच्या ताटातली भाकरी मोडून घ्यायचा. कारखाना बंद पडला तेव्हा कळलं की बंद करायला त्याने कितीतरी आधीच होकार देऊन ठेवला होता, आणि तरीही रोज गेटवर येऊन घोषणा देत होता. वडील त्याच्यावर कधी चिडले नाहीत. शेवटपर्यंत म्हणायचे, "माणूस चांगला होता." ते वाक्य मला आजतागायत पचलेलं नाही. पुढे मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथे समोरचा कितीही हसत आला तरी रिपोर्ट येईपर्यंत आपण काही बोलायचं नसतं. मला ते काम सोपं गेलं.

आमच्या वाडीच्या मागे बावखल आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोदीव तळं. आमच्या भागात आळीआळीला एक तरी असायचं. त्याच्यात पावसाचं पाणी साठतं, आजूबाजूच्या विहिरींना झरे राहतात, केळी आणि फुलझाडं उन्हाळ्यात त्याच्यावर जगतात. सासरे सांगतात की पूर्वी त्याला दगडी काठ होता, बायका तिथे कपडे धुवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा काठ गाळाखाली गेलेला होता, पण पाणी होतं.

एका सकाळी कामावर निघाले तर बावखलाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात डेब्रिजचा ढीग पडलेला. फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, तुटलेला कमोड. पलीकडची जमीन एका बिल्डरने घेतली होती, तिथे सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगले व्हायचे होते. दोन दिवसांनी दुसरा ढीग आला, मग आणखी. आळीत प्रत्येकाने ते पाहिलं होतं आणि प्रत्येक जण दुसरा काही बोलतो का याची वाट बघत होता.

बोलले दादा. बोलले म्हणजे काय, घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि बावखलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मधोमध मांडून पेपर वाचत बसले. डंपर आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग खाली उतरून हिंदीत आवाज चढवला. दादांनी पान उलटलं आणि म्हणाले, "तुमची चूक नाही. तुमच्या साहेबांना इथे पाठवा. मी बसलेलाच आहे." तोवर दहा-वीस जण जमले. डंपर मागे घ्यायला त्या अरुंद रस्त्यात ड्रायव्हरला बराच वेळ लागला आणि दादाच उठून त्याला हाताने खुणा करत होते, "येऊ दे, येऊ दे, बस." लोक हसले. त्या दिवशी त्यांना कुणी पुढारी केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले.

बैठका देवळापुढच्या मांडवात होऊ लागल्या. शेजारच्या आळीतली ख्रिस्ती कुटुंबंही यायची, कारण त्यांच्या विहिरी याच पाण्यावर. दादांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: सरकारी कार्यालयात जायचं तर दोघांनी मिळून जायचं आणि बिल्डरच्या माणसाशी एकट्याने बोलायचं नाही. त्यांना 'मी' म्हणताना मी क्वचितच ऐकलं. कुणी काही सुचवलं की ते त्याचं श्रेय मोठ्याने त्यालाच देत. बायका बोलायला लागल्या की मधे तोंड घालणाऱ्या पुरुषांना हाताने थांबवत. मला फोटो काढायचं काम दिलं, कारण मी रोज त्या रस्त्याने जायचे. मी काढायचे. पण मनात यायचं की हे सगळं कुठल्यातरी कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकून आलेलं असणार. इतकं बरोबर कुणी आपल्या आपण वागतं का?

मग एका संध्याकाळी मी नाक्यावर बसमधून उतरले, तेव्हा पांढऱ्या गाडीतून दादा उतरत होते. गाडीत आत जो माणूस बसला होता तो मी ओळखला. पलीकडची जमीन मोजायला यायचा तोच. दादांनी दार लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चालायला लागले. मी पानाच्या टपरीआड उभी राहिले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लिफ्ट दिली असेल."

"बिल्डरच्या माणसाने?"

"तू प्रत्येकाकडे अशीच बघतेस. एक माणूस काहीतरी करतोय तर करू दे ना."

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. "दादा, परवा तुम्ही त्या पांढऱ्या गाडीतून उतरलात. नियम तुम्हीच केला होता, एकट्याने भेटायचं नाही. मग ते काय होतं?"

दादांनी चष्मा काढला. "हो, गेलो होतो," ते म्हणाले. "एकटा गेलो. नियम मी केला आणि मीच मोडला. ते म्हणाले, काठाला बाकं लावून देतो, झाडं लावतो, तुमच्या गेलेल्या भावाच्या नावाचा फलक लावतो, फक्त तो कोपरा सोडा. मी नाही म्हटलं. पण त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगायला हवं होतं. खरं सांगू? यांनी आज विचारलं नसतं तर सांगितलंही नसतं. बैठक व्यवस्थित चालली होती, उगाच कशाला, असं वाटलं. हे पुन्हा होणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. माझ्या शेजारची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस? असा माणूस शोधून मिळायचा नाही." मलाही ते बोलणं खरं वाटलं होतं. आणि म्हणूनच मी जास्त अस्वस्थ झाले. लहान चूक इतक्या छान शब्दांत कबूल करणारा माणूस मोठी चूक कुठे ठेवत असेल, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

वैशाखात बावखलाचं पाणी खूप खाली गेलं. मी फोटो काढायला उतारावर गेले होते. गाळ सुकून भेगा पडल्या होत्या आणि त्यातून जुन्या दगडी काठाची एक ओळ वर आली होती. घडवलेले चिरे, एकाला एक लागून. ती ओळ बघत बघत मी चालत गेले. उत्तरेच्या बाजूला ती सरळ एका भिंतीखाली गेली. ती भिंत दादांच्या घराशेजारची, त्यांच्या भावाच्या घरामागची होती. भाऊ काही वर्षांपूर्वी वारले होते. त्या घरात त्यांची बायको, आळीतल्या सगळ्यांची वहिनी, एकटी राहायची, मोगरा आणि सोनटक्का लावायची, बैठकांना कधी आलेली नव्हती.

घरी येऊन मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, वहिनींच्या भिंतीपाशी काय होतं पूर्वी?"

"पायरी होती," ते म्हणाले. "आमी वाडीतनं येऊन तिथं पाय धुवायचो. पानी पार तिथवर होतं."

म्हणजे भिंत बावखलात होती. भराव घालणाऱ्या बिल्डरविरुद्ध लढणाऱ्या माणसाच्या घरच्या भिंतीखाली भराव होता.

मी दादांकडे गेले. ते अंगणात नळीने झाडांना पाणी घालत होते. मी विचारलं, "दादा, मागची भिंत कुणी बांधली?"

"भावाने."

"काठाची पायरी तिच्याखाली गेलीय."

त्यांनी नळी खाली ठेवली. पाणी तसंच वाहत राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून." ते ओट्याच्या पायरीवर बसले. "त्या भिंतीच्या आत तिची मोरी आहे, अर्धं स्वयंपाकघर आहे. भाऊ गेला तेव्हा मी इथे नव्हतो. नंतर आलो तेव्हा तिला म्हटलं, तुला कसला त्रास होऊ देणार नाही. आता मीच जाऊन सांगू का, तुझी चूल हलव म्हणून?"

"मग लोकांना तरी सांगा."

"सांगेन. आधी भराव थांबू दे. आत्ता सांगितलं तर तो बिल्डर हेच धरून बसेल." मग ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हे आणखी कुणाला बोललात का?"

तोवर मला त्यांची दया येत होती. त्या प्रश्नाने ती गेली. गाडीचं मी विचारलं होतं तेव्हा हा माणूस चष्मा काढून सगळ्यांकडे बघत बोलला होता. आता तो फाटकाकडे बघत होता.

"पुढच्या बैठकीत तुम्ही सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

ती बैठक झालीच नाही. दादांना ताप आहे असा आळीच्या ग्रुपवर निरोप आला. मी त्यांच्या घरावरून मुद्दाम गेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता. ताप असतानाही माणूस टीव्ही बघू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं, पण पटलं नाही.

त्याच आठवड्यात सरकारी अधिकारी जागेवर पाहणीला आले. आमच्याच अर्जांमुळे आले होते. सगळी आळी जमली, दादाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी कोपऱ्यातला भराव दाखवला, विहिरींचं सांगितलं, फार चांगलं बोलले. अधिकारी मान हलवत होते. मग बिल्डरचा तो माणूस पुढे आला. त्याला काही शोधावं लागलं नव्हतं. पाणी उतरल्यावर जे मला दिसलं ते कुणालाही दिसत होतं. तो म्हणाला, "साहेब, आमचं बघा, जरूर बघा. पण आधी ही भिंत बघा. ही कुणाच्या घरची?"

अधिकारी दादांकडे वळले.

एक क्षण मला वाटलं, हे आता सांगतील. मनापासून वाटलं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर माझ्यासकट सगळे त्यांच्या मागे उभे राहिले असते.

"ती जुनी भिंत आहे," दादा म्हणाले. "तिचा बावखलाशी काही संबंध नाही."

सासरे माझ्या बाजूला काठी टेकून उभे होते. ते कुणाला उद्देशून बोलले नाहीत, पण त्यांचा आवाज मोठा आहे. "तिथं पायरी होती," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि कळवतो म्हणून निघून गेले. लोक पांगले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दादांशी कुणी बोललं नाही इतकंच. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर फक्त गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ येऊ लागलं. चार दिवसांनी डंपर परत आला. या वेळी रस्त्यात खुर्ची नव्हती.

नवरा जेवताना म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

झालं नव्हतं. मी इतके महिने ज्याची वाट बघत होते ते निघालंच नव्हतं. बिल्डरकडून त्यांनी काहीच घेतलं नव्हतं, हे आता बिल्डरचा माणूसही हसत सांगत होता. मी दादांचे खिसे तपासत बसले होते आणि गोष्ट निघाली त्यांच्या घरामागे, एका बाईच्या मोरीखाली. ते लबाड नव्हते. त्यांना एक गोष्ट सांगायची भीती वाटली आणि त्या भीतीला त्यांनी दयेचं नाव दिलं, असं मला तेव्हा वाटलं. वडिलांचं ते वाक्यही आठवलं. हाही माणूस चांगलाच होता. पण चांगल्या माणसाच्या मागे उभं राहूनही आमचा कोपरा बुजत होता.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या रविवारी. हातात फुलांची परडी होती, ती त्यांनी ओट्यावर ठेवली. बसल्या नाहीत.

"तुला म्हनं आधीपासून माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

"भावजींनाही माहीत होतं."

"हो."

"तू त्यांना विचारलंस. त्या सायबाने त्यांना विचारलं. भिंत माझी. मला कोनी विचारलं?"

सगळ्या संशयात मी त्यांचं घर बघितलं होतं, त्यांना बघितलंच नव्हतं.

"सगळे माझ्यासाठी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "मी कधी म्हटलं गप्प बसा? पानी गेलं तर माझा मोगरा कशावर जगनार?"

त्या परडी उचलून गेल्या. माझं मन लगेच कामाला लागलं. हिला दादांनीच पाठवलं असेल का? आपल्या तोंडाने माफी मागायला नको म्हणून? दोन दिवसांनी वहिनींनी बोलावलेला गवंडी घण घेऊन त्या भिंतीपाशी आला तेव्हा मी कामावर उशिरा येते असं कळवलं आणि बावखलाच्या अलीकडच्या काठावरून बघत राहिले.

पहिला घाव पडला तसे दादा घराबाहेर आले. बनियनवर होते, दाढी वाढलेली. त्यांना काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला इतक्या लांबूनही कळलं. ते भिंतीच्या आणि गवंड्याच्या मधे येऊन उभे राहिले. "वहिनी, थांब. मी काहीतरी करतो."

"भावजी, बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "दगड लागेल."

ते बाजूला झाले. गवंडी काम करत राहिला. थोड्या वेळाने दादांनी खाली पडलेल्या विटा उचलायला सुरुवात केली. वहिनींनी त्यांना नको म्हटलं नाही आणि बरं केलंत असंही म्हटलं नाही. मोरी उघडी पडली, आतले हंडे आणि कपडे धुवायचा दगड सगळ्या आळीला दिसू लागला. तेव्हा शेजारच्या आळीतली एक म्हातारी ख्रिस्ती बाई आपल्या मुलाला घेऊन आली आणि तिने आधी ते हंडे उचलून आत नेऊन ठेवले. मग आणखी लोक आले. मीही उतरले.

दुपारी चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता सगळ्यांचे काठ बघा. माझाच नको."

आमची पंपाची खोलीही थोडी काठावर आलेली निघाली. सासरे भडकले. ज्यांनी पायरीचं सगळ्यांसमोर सांगितलं होतं तेच म्हणाले, "तीस वर्षांची खोली आहे, कोन हलवतो बघू." माझ्याशी ते काही दिवस बोलले नाहीत, जेवणाचं ताटही नवऱ्याकडून मागायचे. मग एका सकाळी स्वतःच पंप काढायला माणूस बोलावला आणि तो नीट काढत नाही म्हणून त्याच्यावर ओरडत उभे राहिले.

अधिकारी पुन्हा आले तेव्हा वहिनी बोलल्या, तेही दोनच वाक्यं. आमचं आम्ही काढलंय, आता त्यांचं बघा. भराव थांबवायचा आदेश निघाला. जो कोपरा बुजला तो मात्र बुजलाच. त्यावर आज बिल्डरच्या चौकीदाराची पत्र्याची खोली आहे आणि ती हलेल असं मला वाटत नाही. बाकीचं बावखल आहे. गेल्या पावसाआधी आम्ही गाळ काढला आणि जुन्या काठाचे उरलेले चिरे मोकळे केले.

वहिनींना अध्यक्ष वगैरे कुणी केलं नाही. त्या होऊ देत नाहीत. पण बैठकीत कुणी काही सुचवलं की लोक आधी त्यांच्याकडे बघतात. त्यांना बोलता येत नाही, माणसं जोडता येत नाहीत, एखादा आवडला नाही तर तोंडावर सांगतात. दादांच्या निम्म्यानेही त्यांना हे काम येत नाही. तरी लोक येतात. त्यांच्यावर तरी माझा पूर्ण भरवसा आहे का? मी लक्ष ठेवून असते. एकदा बिल्डरच्या माणसाच्या घरच्या लग्नाला त्या गेल्या होत्या असं कानावर आलं, तर मी विचारलं. म्हणाल्या, "फुलं माझ्याकडून घेतली त्याने, द्यायला गेले होते. जेवले नाय." मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

दादा बैठकांना येतात, मागे बसतात. अर्ज लिहायचा असला की त्यांनाच सांगतात आणि ते लिहून देतात. एकदा मांडव रिकामा होत असताना मला म्हणाले, "तुम्ही गाडीचं विचारलंत ना, त्याच दिवशी भिंतीचंही सांगून टाकायला हवं होतं. त्या दिवशी लोकांनी ऐकून घेतलं असतं."

"कदाचित," मी म्हटलं. आणखी काही म्हणावंसं वाटलं, पण ते हे मनापासून बोलतायत की माझ्याकडून काहीतरी ऐकायचंय म्हणून, हे मला ठरवता आलं नाही.

मागच्या महिन्यात दुसऱ्या गावातले काही लोक आमच्या आळीत आले. त्यांच्याकडेही भराव सुरू झाला होता. त्यांना कुणीतरी डंपरपुढे बसलेल्या दादांची गोष्ट सांगितली होती, त्यामुळे ते थेट दादांच्या फाटकाशी गेले. मी समोरच्या वाडीत केळीची पानं काढत होते. ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे या, पुढे व्हा, आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत." दादांचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. मग त्यांनी हात लांब करून वहिनींचं घर दाखवलं. "तिथे जा," म्हणाले, "त्यांना विचारा." लोक तिकडे गेले. मी पानं तशीच हातात धरून बघत राहिले, दादा मागोमाग जातात का. ते गेले नाहीत. पण घरातही गेले नाहीत. फाटकाच्या कडीवर हात ठेवून, पलीकडे काय बोलणं चाललंय तिकडे कान देऊन, बराच वेळ तिथेच उभे राहिले.